कुबड्यांची जोडी

हॉस्पिटलनं दिल्या, परत कुणी मागितल्या नाहीत.
राखाडी नळ्या, खाली रबराचे बूट,
उंची ठरवायला एकाखाली एक दहा छिद्रं.
बटण दाबा, नळी सरकवा, खट्.

पहिल्यांदा आल्या ग्लेनिसकडे, खुब्याच्या ऑपरेशननंतर.
चौथं छिद्र.
मग एव्हर्टनकडे. सत्तावीस वर्षं या चढांवर बस चालवली
आणि पडला स्वतःच्या बागेतल्या शिडीवरून.
नववं.
मग जानेवारीत माझ्याकडे.
वॉकलीच्या उतारावर घसरले,
मिठाच्या पिवळ्या पेटीपासून चार पावलांवर.
पेटी भरलेली होती. रस्त्यावर मीठ नव्हतं.
तिसरं छिद्र.
"तिसरं?" एव्हर्टन म्हणाला,
"ही तर छत्री झाली."

शेफील्डमध्ये सपाट असं काही नाही.
दूध आणायचं तर चढ, पत्र टाकायचं तर उतार.
बुधवारी व्यायामाचा वर्ग सुटला
की आम्ही खालच्या कॅफेत बसतो
आणि दुखणी टेबलावर ओततो,
मंडईतून आल्यावर पिशवी उपडी करावी तशी.
कुणाची कळ बरोबर रात्री दोनला येते,
कुणाचा टाका अजून ओला,
मला मोजा घालता येत नव्हता,
तर ग्लेनिसनं युक्ती दिली : पोळीचा चिमटा.
पोळी तिला माहीत नाही. चिमटा माहीत आहे.

वडील म्हणायचे, मोडेन पण वाकणार नाही.
मी मोडले.
आता ती फिजिओवाली पोर गुडघ्याला कोनमापक लावून म्हणते,
वाकवा, अजून थोडा, नव्वदपर्यंत तरी.
बहात्तर. पुढच्या बुधवारी शहात्तर.
टेबलावर टाळ्या पडल्या, एव्हर्टननं केक मागवला,
कोलेस्टेरॉलच्या गोळ्या खिशात असताना.

मी त्यांना सांगितलं, आमच्यात म्हणतात,
दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं.
ग्लेनिस विचार करत राहिली. मग :
"मुंगीला पाय किती?"
सहा.
"मग तिचं बरंय."

कल्याणी हसली, पण तिचा चहा तसाच राहिला.
ती यायची मला धरायला. वर्गात तिचं नाव नव्हतं.
तीन आठवडे ती फक्त ऐकत होती.
चौथ्या बुधवारी, बिल देताना,
काउंटरकडे तोंड करून मराठीत म्हणाली,
"गाठ आहे. सोमवारपासून किमो."
मी दोघांना इंग्रजीत सांगितलं.
शेवटचा शब्द तसाच ठेवता आला.

यावर आमच्याकडे काही नव्हतं.
चिमटा नाही, म्हण नाही, छिद्र नाही.
एव्हर्टननं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली
आणि विचारलं, किती वाजता. एवढंच.

मार्चमध्ये तिनं कुबड्या मागितल्या.
पाय धडधाकट आहेत की तुझे?
"आहेत. पण ट्राममध्ये उभं राहवत नाही,
आणि जागा मागायची तर कारण सांगावं लागतं.
कुबडी दिसली की लोक आपसूक उठतात.
विचारलंच कुणी, तर पायाचं विचारतात.
पायाचं सांगता येतं मला. बर्फावर घसरले म्हणेन."
थोडं थांबून :
"तुझं पडणं वापरते, चालेल ना?"

मी अजून लंगडत होते. बोलले नाही.
जिन्याला कठडा आहे, स्वयंपाकघरात ओटा आहे.
तिला उभं केलं, मनगटाशी मूठ धरून पाहिली,
बटण दाबलं, नळी सरकवली.
पाचवं. खट्.

काल रात्री तिचा फोन.
आवाज बारीक, तक्रार ठणठणीत :
डाव्या कुबडीचा बूट झिजलाय,
दुकानाच्या फरशीवर कर्र वाजतो, लोक बघतात.
झिजलाय. म्हणजे खरंच टेकतेय ती.
असला मिळतो कुठे?
बाजारात, चाव्या बनवणाऱ्याकडे.
"बुधवारी जाऊ," म्हटलं.
"चढानं की वळशानं?"
"वळशानं. ग्लेनिस पण आहे."